थोरलीचा गट

“जात?” टेबलामागच्या माणसानं मान वर न करता विचारलं.

“कोकणस्थ,” मी म्हणालो.

त्यानं मान वर केली, चष्मा कपाळावर ढकलला आणि माझ्याकडे दयेनं बघितलं. “तुमची न्हाई हो गुरुजी. घोड्याची.”

रांगेतली माणसं हसली. माझे कान तापले. मागे उभी असलेली ताई पुढे झाली.

“घोडी आहे. मिश्र लिहा.”

“मिश्र असा रकाना न्हाई, काकू. मारवाडी, काठेवाडी, भीमथडी. एक कायतरी सांगा.”

“आई काठेवाडी. बाप परदेशी, वजनदार जातीचा. लष्कराच्या पैदास केंद्रातला.”

“मग बापाची लावू?”

“माणसांत लावतात तशी इथे नका लावू,” ताई म्हणाली. “रकाना मोकळा सोडा. आमच्या घरात तो कुणालाच धड भरता आलेला नाही.”

त्या माणसाला ते कळलं नसावं. मला कळलं. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण द्वारका, लष्करी इस्पितळात परिचारिका होती आणि तिथेच तिनं घोडदळातल्या दफेदार हिंदुराव इंगवल्यांशी लग्न केलं होतं. आमच्या घरात कित्येक वर्षं तिचं नाव काढायची सोय नव्हती. मी मात्र तिच्याकडे जायचो, बहुधा चोरून, कारण उघडपणे काही करायची मला सवयच नाही. त्यांना मूलबाळ झालं नाही. निवृत्त होताना हिंदुरावांनी केंद्रानं नको म्हणून काढून टाकलेलं एक शिंगरू गावी आणलं. ते वाढत गेलं, वाढतच गेलं, आणि त्याचं नाव पडलं थोरली.

कोल्हापुरात घोड्यांचं प्रदर्शन भरणार होतं, त्या मैदानाच्या कडेला चिंचेखाली ती उभी होती. रंग कुमेत, म्हणजे अंग तांबूस आणि गुडघ्याखाली पाय काळे. मान पिंपासारखी. आयाळ दोन्ही बाजूंना सांडलेली, आणि खुरांवर लांब केसांची झालर. कान तेवढे आईचे. काठेवाडी घोड्याचे कान आत वळून टोकाला एकमेकांना भेटतात. थोरलीचे कान एकमेकांकडे निघाले होते आणि वाटेत थांबले होते.

“गट?” त्या माणसानं पुढचं विचारलं.

मागच्या फळ्यावर गट लिहिले होते. देशी जातिवंत. रेवाल चाल, ज्यात स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हिंदकळता कामा नये. नाचकाम. ओढ. सवारी.

“ओढीत घाला की!” चिंचेकडे बघत तो म्हणाला. “डोळं झाकून पयला नंबर. एका जनावराला एकच गट हाय बघा, गर्दी लई झालीया. ह्यो मुहूर्त सोडू नगा.”

ताई माझ्याकडे वळली. “श्रीधर, काय करू?”

“मला विचारशील तर...”

“तुलाच विचारतेय.”

मला विचारण्याचं कारण एवढंच की मी कोल्हापुरात एका लहानशा वाचनालयाचा ग्रंथपाल होतो, आणि माझ्या कपाटात घोडे प्रदर्शनात कसे उतरवावेत यावरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. कुण्या संस्थानिकाच्या ग्रंथसंग्रहातून आलेलं, कधीच कुणी न नेलेलं. घोड्यावर मी आयुष्यात बसलो नव्हतो. पण ताईनं ते पुस्तक माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं आणि त्यावर तिनं सगळं पणाला लावलं होतं.

प्रकरण असं होतं. हिंदुराव गेले. घर, गोठा, जमीन पुतण्याकडे, जालिंदरकडे आली. तो वाईट नव्हता. त्याला गोठ्याच्या जागी यंत्रमाग बसवायचे होते आणि थोरलीला तिथून हलवायचं होतं. नदीकाठच्या वीटभट्टीवाल्या सदाशिवअण्णांचा इसार त्यानं घेतला होता. भट्टीवर विटांची गाडी ओढणारं जनावर किती टिकतं हे नदीकाठच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. प्रदर्शन संपलं की अण्णांचा ट्रक मैदानावरूनच तिला नेणार होता.

एकच आशा होती. पुण्याजवळ घोडेस्वारी शिकवणाऱ्या एक देशमुखबाई प्रदर्शनाला येणार होत्या. त्या ताईला म्हणाल्या होत्या, “पहिल्या तिघांत आली तर नेते. माझ्या विश्वस्तांना काहीतरी दाखवावं लागतं.” जालिंदरनंही कबूल केलं होतं, पहिल्या तिघांना मिळणारी फीत आली तर अण्णांना मी तोंड देईन.

“ओढीत पहिली येईल,” मी म्हणालो. “पण ओढीचा गट बघायला कोण बसतं? सगळे भट्टीवाले, ऊसवाले. तिथे ती पहिली आली तर...”

“तर एका अण्णांच्या जागी दहा अण्णा उभे राहतील,” ताई म्हणाली. “आणि जालिंदरचं मन फिरेल. सवारीत काय होईल?”

“सवारीत निगाही बघतात. पुस्तकात लिहिलंय की असा मिश्र घोडा अर्धवट उतरवू नये. एक तर पूर्ण ओढीचा दाखवावा, झालर-आयाळ सगळं ठेवून. नाही तर सवारीचा दाखवावा. मग आयाळ मुळापासून उतरवायची, पाय स्वच्छ करायचे, गोंडे, झूल काही नाही. पण ताई, ते पुस्तक विलायतेतलं आहे. इथले परीक्षक काय...”

“सवारी लिहा,” ताई त्या माणसाला म्हणाली.

त्यानं लिहिलं. मला आजही वाटतं, मी ‘पण’नंतर जे बोलणार होतो ते तिनं ऐकायला हवं होतं. अर्थात मी काय बोलणार होतो ते मलाही ठाऊक नव्हतं.

दुपारी आम्ही थोरलीला गावी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं होतं. गावच्या न्हाव्यानं केस कापायची हाताची मशीन दिली आणि सांगितलं, “परत आणू नगासा. माणसाला लावायची न्हाई ती आता.” ताईनं पदर खोचला, कात्री घेतली, थोरलीच्या कपाळावरची झुलपं मुठीत धरली आणि थांबली.

“काय झालं?”

“हिच्या अंगावरचा केस अजून कुणी कापलेला नाही रे. ह्यांनी कधी कात्री लावू दिली नाही.”

“मग?”

“मग हे जावळच झालं की.” ती हसली. हिंदुराव गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. “जावळ मामाच्या मांडीवर काढतात. बस तिथे.”

“ताई, काहीतरीच काय!”

“बस म्हणते ना.”

मी गव्हाणीच्या कट्ट्यावर बसलो. ताईनं दावं खाली ओढलं आणि थोरलीनं आपलं डोकं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. माझ्या मांडीवर कधी कुणाचं मूल कुणी दिलं नव्हतं. पाडेन अशी सगळ्यांना भीती वाटायची आणि मला त्यांच्याहून जास्त. त्या डोक्याचं वजन एखाद्या भरल्या पोत्याएवढं होतं. धोतरावर तिचा ऊन श्वास पसरला, ओल्या कडब्याच्या वासाचा. हात कुठे ठेवावेत ते मला कळेना, म्हणून मी ते तिच्या गालांवर ठेवले. ताईनं पहिली बट कापली आणि पदराच्या टोकाला बांधली.

दारातून जालिंदर डोकावला. “काकी, बारशाच्या घुगऱ्या कधी?”

“तुझ्या बारशाच्या अजून बाकी आहेत. आधी त्या आण.”

“आन् मामा, पेढं तुमच्याकडं.”

“हो, हो,” मी म्हणालो.

आयाळ उतरली तशी थोरली निराळीच दिसू लागली. मानेची कमान उघडी पडली, डोकं लहान वाटू लागलं. ताईनं दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. “श्रीधर, ही सवारीचीच आहे रे!” पुढचे पाय झाले. उजवा मागचा झाला. झालरीखालून सुबक, रेखीव सांधा निघाला. मग तिनं डावा मागचा पाय उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला, मशीन चालवली आणि तिचा हात थांबला.

मी वाकून बघितलं. केसांखाली कातडी नव्हती, घड्या होत्या. जाड, कडक, एकीवर एक. घड्यांमध्ये भेगा होत्या आणि भेगांत खपल्या. एकीतून पाणी झिरपत होतं.

ताईनं मशीन बाजूला ठेवली. बोटांनी ती एकेक घडी चाचपत गेली, इस्पितळात चाचपत असेल तशी. थोरलीनं पाय ओढून घेतला नाही, फक्त कातडी थरथरवली.

“जुनं आहे,” ताई म्हणाली. “वर्षानुवर्षांचं. रोज संध्याकाळी हे हिचे मागचे पाय स्वतः धुवायचे. कडुनिंबाचं पाणी करून घ्यायचे माझ्याकडून. मी म्हणायचे, मी धुते. तर म्हणायचे, तू भाकरीचं बघ. मला वाटायचं, लाड आहेत.”

“तुला सांगितलं नाही त्यांनी?”

“कुणालाच नाही. माहीत झालं असतं तर गावानं म्हटलं असतं, लंगडी होणार, आत्ताच काढा. ह्यांनी लपवलं.” तिनं पाय हळूच खाली ठेवला. “आणि हे गेल्यापासून गडी वरवर पाणी मारतोय.”

“बरं होतं का हे?”

“रोज धुतलं, कोरडं ठेवलं तर वाढत नाही. बरं होत नाही.”

जमिनीवर कापलेली झालर पडली होती, मक्याच्या कणसाच्या केसांसारखी. ती काही परत चिकटवता येणार नव्हती.

“गट बदलता येईल का, विचारू?” मी म्हणालो.

“ओढीत? तिथे झालर असती तर कुणी केस बाजूला करून बघितलं नसतं. आता तेही दार बंद झालं.”

“पट्टी बांधली तर?”

“तूच वाचून दाखवलंस ना नियमांत? पायाला पट्टी चालणार नाही.”

मी वाचून दाखवलं होतं खरं. मी सगळंच वाचून दाखवलं होतं.

ती उठली आणि घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात एरंडेलाची पणती आणि तांब्याचं ताट होतं. मला आधी वाटलं, ओवाळणार. तिनं दोन विटांवर ताट उपडं घातलं, खाली पणती ठेवली आणि काजळ धरू लागली. घरोघरी बाळंतिणीच्या खोलीत धरतात तसं.

“ताई...”

“पाय काळेच आहेत तिचे. काजळ आणि तेल दाबून भरलं तर घड्या दिसणार नाहीत.”

“हे बरोबर नाही.”

“माहीत आहे मला.” ती चिडली की इंगवल्यांच्या घरची भाषा तिच्या तोंडात यायची. “दुसरं काय हाय तुझ्याकडं, सांग! हाय काय?”

मी पणतीवर आडोसा धरून बसलो.

सकाळी जालिंदर काकांची खाकी विजार आणि बूट घालून आला. विजार कमरेत सैल होती. ताईनं ती पिना लावून आवळली. त्याला काजळाचं काही माहीत नव्हतं. खोगीर घासून, लगामाची पितळ चकचकीत करून त्यानं थोरलीभोवती एक चक्कर मारली आणि शीळ घातली.

“काकी, जनावर बदललं की तुम्ही! काकांनी बघायला पायजे होतं.”

“नीट बस म्हणजे झालं.”

“ह्याच घोडीवर शिकलोय मी.” मग तो जरा गंभीर झाला. “पर एक सांगतो. फीत आली तर अण्णाकडं मी बघतो. न्हाई आली तर तुम्ही मधी पडायचं न्हाई.”

“नाही पडणार,” ताई म्हणाली.

मैदानावर सवारीच्या गटात सगळे मारवाडी-काठेवाडी, उंच मानेचे, पातळ पायांचे. त्यांच्या रांगेत थोरली आली आणि दोरीबाहेरची माणसं सुटली.

“आरं, हत्ती आला, हत्ती!”

“रेड्याला खोगीर कुणी घातलं रं?”

“ओ दफेदार, गाडी इसरली व्हय घरी?”

जालिंदरनं मान वळवली नाही. ताईनं माझं मनगट धरलं होतं. घोडे आधी चालीत फिरले, मग दुडकीत. मला त्यातलं फारसं कळत नाही, अजूनही नाही, पण एवढं दिसत होतं की बाकीचे घोडे गर्दीला बुजत होते, कडेला सरकत होते, आणि थोरली घरच्या वाटेनं निघाल्यासारखी जात होती. मग परीक्षकांनी हात वर केला आणि घोडे भरधाव सुटले. ती आमच्यासमोरून गेली तेव्हा पायाखालची जमीन हलली. “हत्ती” म्हणणारा गडी गप्प झाला. कुणीतरी “वा!” म्हणालं.

परीक्षक घोडदळातले निवृत्त कर्नल होते. किडकिडीत, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी छडीनं एकेक घोडा मधे बोलावला. पहिला एक सब्जा, पांढुरक्या रंगाचा. मग एक काळा. आणि मग छडी थोरलीकडे वळली.

“तिसरी!” ताईची नखं माझ्या मनगटात रुतली. “श्रीधर, तिसरी!”

पलीकडे देशमुखबाईंनी आमच्याकडे बघून मान डोलावली. दोरीला टेकलेले अण्णा पान चघळत होते. ते चघळायचे थांबले.

आता फक्त जवळून तपासणी राहिली होती. कर्नल सब्ज्याचे पाय चाचपून उठले, काळ्याचे चाचपले. थोरलीकडे आले. मानेवरून हात फिरवला आणि जालिंदरला काहीतरी म्हणाले, तो हसला. पुढचा एक पाय, दुसरा. उजवा मागचा. मग ते वळसा घालून डावीकडे आले, खाली वाकले, आणि तिथेच राहिले.

उठले तेव्हा त्यांची बोटं काळी होती. त्यांनी ती डोळ्यांसमोर धरली, नाकाशी नेली. मग खिशातून पांढरा रुमाल काढून हळूहळू पुसली आणि जालिंदरला विचारलं. जालिंदर खाली बघतच राहिला. त्यानं मान हलवली, आणि मग दोरीपलीकडे आमच्याकडे नजर टाकली.

ताई दोरीखालून वाकून आत गेली. मी तिच्यामागे गेलो. का ते माहीत नाही; मला आत जायची परवानगी नव्हती.

“मी लावलंय साहेब,” ताई म्हणाली. “काजळ आहे.”

कर्नलनी तिच्याकडे बघितलं, तिच्या कपाळाकडे, तिच्या काळ्या झालेल्या नखांकडे. भोवती माणसं कान देऊन उभी होती. त्यांनी आवाज खाली आणला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

“दृष्ट लागू नये म्हणून लावलंत का, बाई?”

त्यांनी तिला एक दार उघडून दिलं होतं. एवढं सोपं. पोराला तीट लावतात, बैलाला लावतात, घोडीला लावली. कुणीही मान्य केलं असतं. त्यांनी रुमालानं आणखी पुसून बघितलं नसतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी मनात म्हणत होतो, हो म्हण. ताई, हो म्हण.

ताईनं थोरलीच्या पायाकडे बघितलं.

“नाही,” ती म्हणाली. “लपवायला लावलं.”

कर्नलनी रुमाल खिशात ठेवला. “ही माझ्याकडे तिसरी होती,” ते म्हणाले. “आता मला तिला बाहेर काढावं लागेल.”

“काढा साहेब.”

आम्ही चिंचेखाली आलो. जालिंदर खाली उतरला आणि लगाम त्यानं ताईच्या हातात अक्षरशः फेकला.

“भर मैदानात तोंडाला काळं फासलंत माझ्या! मला सांगायचं तरी!”

“सांगितलं असतं तर तू बसला नसतास.”

“न्हाईच बसलो नसतो!”

सदाशिवअण्णा सावकाश चालत आले. त्यांनी पान थुंकलं, थोरलीच्या मागच्या पायाशी उकिडवे बसले आणि टॉवेलच्या टोकानं काजळ पुसून बघितलं. उठताना त्यांचे गुडघे कडकड वाजले.

“काकू, भट्टीवर राख आन् चिखल. ह्यो पाय पावसाळ्यापतूर ऱ्हायचा न्हाई. मी धंदेवाला माणूस. पर डोळ्यांदेखत जनावर सडवायचं पाप नगं मला.” मग जालिंदरला म्हणाले, “इसार सवडीनं दे. सौदा मोडला समज.”

ट्रक रिकामाच गेला. ज्याच्यासाठी आम्ही महिनाभर जीव टाकला होता ते झालं होतं. थोरली भट्टीवर जाणार नव्हती. आणि आमच्यापैकी कुणालाही सुटल्यासारखं वाटत नव्हतं. कारण मैदानाच्या टोकाला दुसरा एक ट्रक उभा होता. प्रदर्शनात न खपलेलं, लंगडं, म्हातारं जे उरतं ते उचलणाऱ्या माणसाचा. तो कुठे नेतो हे कुणी त्याला विचारत नसे. तो झाडाझाडाखाली थांबत आमच्याकडेच येत होता.

“सोमवारी माग येणार हायत,” जालिंदर म्हणाला. आता तो ओरडत नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. “गोठा मोकळा पायजे काकी. तुम्ही घरात ऱ्हावा, जलमभर ऱ्हावा, माझी ना न्हाई. पर घोडी न्हाई ठेवता यायची.”

देशमुखबाई घाईनं आल्या. “फार वाईट वाटलं हो. अशा पायाची घोडी मी कशी दाखवू तिकडे? तुम्ही समजून घ्याल.”

“समजलं,” ताई म्हणाली. “मी तुम्हाला एक विचारणार होते. आता त्याचा उपयोग नाही. मी तिच्याबरोबर येणार होते. तुमच्या तबेल्यात काम करायला. झाडलोट, दाणावैरण, काहीही.”

जालिंदर ताईकडे बघतच राहिला.

“घर सोडून?” तो म्हणाला. “काकी, मी कधी तुम्हाला काय कमी...”

“कमी नाही रे केलंस. दोन वेळा ताट वाढून देतेस गं, असं तुझ्या बायकोला मी रोज सांगते. पण ताटावर बसण्याव्यतिरिक्त त्या घरात माझ्याकडे संध्याकाळचं हिला दावणीला बांधणं तेवढं होतं. ते गेल्यावर मी काय करायचं, तूच सांग.”

टोपी काढून तो हातात फिरवत राहिला.

मी ताईच्या कानाशी लागलो. “हो का म्हणाली नाहीस? ते विचारत होते. नुसतं हो म्हणायचं होतं.”

“म्हणाले असते तर ती पुण्याला गेली असती,” ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. “आणि मी तिकडेही हा पाय लपवूनच धुवत बसले असते. ह्यांनी लपवला. काय झालं? ह्यांच्या मागे कुणी धुतला नाही. मी उद्या मेले तर?”

तो माणूस आमच्या झाडाखाली आला. जाडजूड, तोंडभर हसणारा. त्यानं थोरलीच्या पाठीवर थाप मारली आणि जालिंदरला विचारलं, “मालक, मोकळी करायची काय?”

जालिंदर ताईकडे बघत होता. ताईनं लगाम दोन्ही हातांत धरला होता आणि जमिनीकडे बघत होती. मधे पडणार नाही, असं तिनं सांगितलं होतं, आणि ती शब्द पाळणारी होती.

“नाही,” असं कुणीतरी म्हणालं.

मीच म्हणालो होतो. सगळे माझ्याकडे वळले.

“माझ्याकडे येणार आहे ती,” मी म्हणालो. “दोघीही.”

“तुमच्याकडं कुठं मामा?” जालिंदर म्हणाला.

“वाचनालयाच्या मागे अंगण आहे. पत्र्याची शेडही आहे. जुनी वर्तमानपत्रं ठेवतो तिथे.”

“आन् तुमची समिती?”

“मी बोललोय त्यांच्याशी.”

मी बोललो नव्हतो. समितीशी मी पंख्याच्या दुरुस्तीबद्दलसुद्धा नीट बोलू शकत नसे. जालिंदर मला ओळखत होता. माझं खोटं त्याला कळलं असणार. त्यानं त्या जाडजूड माणसाला हातानं जा म्हणून खुणावलं, आणि खोगीर न काढताच आमच्याकडे पाठ करून चालू लागला. थोडं पुढे जाऊन तो थांबला.

“वैरण पोचती करतो,” तो म्हणाला, मागे न बघता.

मैदानापासून वाचनालय फार लांब नाही, पण भर बाजारातून जावं लागतं. ताई लगाम धरून पुढे, मी दुसऱ्या बाजूनं. माणसं दुकानाच्या पायऱ्यांवर येऊन बघत होती. एरवी बाजारातून जाताना मी भिंतीच्या कडेनं जातो. त्या दिवशी भिंत आणि माझ्यामध्ये थोरली होती.

वाट संपली ती वाचनालयाच्या बाजूच्या बोळात. तिथे लोखंडी फाटक होतं. सायकली आत जाव्यात एवढंच उघडणारं. ताई थांबली. तिनं फाटकाकडे बघितलं, मग थोरलीच्या पोटाकडे.

“मावणार नाही रे ही.”

मला ते सुचलंच नव्हतं. एवढी वर्षं मी त्या फाटकाला रोज कुलूप लावत होतो आणि ते किती रुंद आहे हे मला ठाऊक नव्हतं. दिवस कलला होता. थोरलीनं मान खाली घातली होती, आणि ताई आता काहीच विचारत नव्हती. दिवसभर एकेक गोष्ट फसत आली होती तशी हीही आता फसणार, असा तिचा चेहरा होता.

मी कोट काढून भिंतीवर ठेवला. फाटक दोन्ही हातांनी धरून वर उचललं. बिजागऱ्या गंजलेल्या होत्या. पहिल्यांदा हललं नाही. दुसऱ्यांदा मी खांदा लावला आणि ते किंचाळत निघालं. अंगठा सोलला. मी ते बोळातल्या भिंतीला टेकवलं. थोरली दोन्ही खांबांना अंग घासत, हळूच, आत गेली.

ताई तिच्यामागून आत आली आणि वळून त्या निघालेल्या फाटकाकडे बघितलं.

“हे कुठे ठेवायचं आता?”

“राहू दे,” मी म्हणालो. “बाहेरच राहू दे. तू आधी हिच्या पायासाठी पाणी तापव.”